जुन्या जीपला कोणते ऑइल?

इंजिन ऑइलच्या डब्यावर ठळक अक्षरांत '२०डब्ल्यू-५०' असे काहीतरी छापलेले असते आणि त्याच्या मागे लहान अक्षरांत 'एपीआय एसएल' किंवा 'एपीआय एसएन'. दुकानदार गाडी विचारतो, आपण "जुनी जीप, पेट्रोलची" असे सांगतो, आणि तो त्याच्या अनुभवाने एक डबा काढून देतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. पण ज्या इंजिनाचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, त्याच्या बाबतीत चुकीच्या डब्याची किंमत 'हाफ इंजिन' कामाइतकी होऊ शकते. शिवाय त्या दोन ओळींत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांचा चांगला धडा दडलेला आहे. म्हणून या वेळी आपण तो डबाच वाचायला घेऊ.

उदाहरणासाठी दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवू. दोन्ही पेट्रोलच्या आणि दोन्हींत चारही चाकांना जोर देण्याची सोय. पहिली, महिंद्र कंपनीने आपल्याकडे बांधलेली विलीज बनावटीची सीजे-३बी जीप, उंच बॉनेटची. एके काळी सरकारी खाती, साखर कारखाने आणि निवडणुकीचा प्रचार या सगळ्यांचा गाडा हिनेच ओढला. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २२०० घन सेंटिमीटरचे. दुसरी, १९८५ साली आलेली मारुती जिप्सी. तिचे पहिले इंजिन ९७० घन सेंटिमीटरचे, १९९६ साली १२९८ घन सेंटिमीटरचे आले आणि २००० साली कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणीची पद्धत आली. आज दोन्ही जुन्या म्हणूनच ओळखल्या जातात, पण ऑइलच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या पिढ्यांच्या आहेत.

आधी ऑइल नेमके काय करते ते पाहू. 'दोन धातूंच्या मध्ये बसून घर्षण कमी करते' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. जीपचे वजन, दट्ट्यांवर बसणारे स्फोटांचे धक्के, हे सगळे सोसून ते ऑइल मध्ये टिकते कसे? पिळून बाहेर का जात नाही?

याचे उत्तर एका लाकडी खुंटीने दिले. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. बेअरिंगमध्ये तेल सोडण्यासाठी त्याने वरच्या बाजूने भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वरच येऊ लागले. त्याने भोकात बूच बसवले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून निघून गेली. मग त्याने तेथे दाबमापक जोडला, तर दाब मापकाच्या पट्टीबाहेर गेला, म्हणजे दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या वर. फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेतो आणि त्यातून निर्माण झालेल्या दाबावर तरंगतो, असा याचा अर्थ होता. १८८६ साली ऑसबर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. इंजिनातील क्रँकच्या बेअरिंगांत आजही हेच घडते. ओल्या रस्त्यावर वेगाने जाणारी मोटार पाण्याच्या थरावर चढून घसरते, तसाच काहीसा हा प्रकार. रस्त्यावर तो घातक, इंजिनात हवाहवासा.

ही तरंगण्याची क्रिया तीन गोष्टींवर अवलंबून असते : फिरण्याचा वेग, भार आणि ऑइलची विष्यंदिता. विष्यंदिता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, घरगुती भाषेत दाटपणा. वेग आणि भार चालकाच्या हातात असतात. विष्यंदिता मात्र डबा विकत घेताना ठरते, आणि '२०डब्ल्यू-५०' हा आकडा तिच्याविषयीच बोलतो.

अडचण अशी, की विष्यंदिता स्थिर राहत नाही. थंडीत काकवी बरणीतून उतरत नाही आणि कोमट केली की धार धरते, हे आपण जाणतो. इंजिन ऑइलमध्ये हा फरक किती असावा? सर्वसाधारण २०डब्ल्यू-५० ऑइलची विष्यंदिता १०० अंश सेल्सिअसला १८ ते १९ सेंटिस्टोक असते. ४० अंशांना ती १६५ च्या आसपास जाते आणि नाशिककडच्या थंड सकाळी, १० अंशांना, हजाराच्या वर. (खोलीच्या तापमानाला पाण्याची विष्यंदिता सुमारे १ सेंटिस्टोक असते.) तेच ऑइल, तेच इंजिन, पण सकाळी किल्ली फिरवताना ते पन्नास-साठ पट दाट असते.

अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ साली ऑइलची दाटपणानुसार वर्गवारी सुरू केली. आजच्या वर्गवारीत डब्ल्यू नसलेला आकडा गरम इंजिनातील दाटपणा सांगतो. १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असलेले ऑइल '३०' चे, १२.५ ते १६.३ असलेले '४०' चे आणि १६.३ ते २१.९ असलेले '५०' चे. हे आकडे म्हणजे विष्यंदिता नव्हे, वर्गांची नावे आहेत. पन्नास म्हणजे पंचविसाच्या दुप्पट दाट, असा हिशेब इथे चालत नाही.

डब्ल्यू हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. '२०डब्ल्यू' म्हणजे उणे १५ अंशांनाही इंजिन फिरवता येईल इतपत पातळ राहणारे ऑइल. १५डब्ल्यूची परीक्षा उणे २० ला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला. महाराष्ट्रात पारा शून्याखाली जाणे ही वर्तमानपत्राची बातमी ठरते. तेव्हा आपल्या जीपला ५डब्ल्यू हवेच असा आग्रह धरण्याचे कारण नाही. गाडी लडाखला न्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सारख्या आकाराच्या दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत २०डब्ल्यू-५० आणि दुसरीत १०डब्ल्यू-३० ऑइल भरा. वर बोटभर हवा ठेवून बुचे घट्ट बसवा. नळ्या एकदम उलट्या केल्या की हवेचा बुडबुडा वर चढू लागेल. त्याला लागणारा वेळ घड्याळावर मोजा. मग दोन्ही नळ्या दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवून पुन्हा मोजा, आणि नंतर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून. (बूच लावलेली नळी ज्योतीवर कधीही धरू नये.) तापमान आणि वेळ यांचा आलेख काढायला विद्यार्थ्यांना सांगा. दोन्ही वक्र थंड बाजूला कसे चढतात आणि गरम बाजूला एकमेकांच्या किती जवळ येतात, ते पाहण्यासारखे असते.

पूर्वी ऑइल एकाच आकड्याचे असे. जीप जन्मली त्या काळात उन्हाळ्यात ३० आणि कडक थंडीत १० किंवा २० चे, असे ऋतूप्रमाणे ऑइल बदलत. आता एकाच डब्यावर दोन आकडे असतात, ही करामत लांब साखळीच्या रेणूंची आहे. मुळातल्या पातळशा तेलात बहुवारिक मिसळतात. थंडीत त्याचे रेणू वेटोळे घालून पडून राहतात, त्यांचा अडथळा कमी असतो. तापले की ते पसरतात, एकमेकांत अडकतात आणि तेलाला जास्त पातळ होऊ देत नाहीत. परिणाम असा, की १० अंशांना एकेरी '५०' ऑइलची विष्यंदिता २००० सेंटिस्टोकच्या घरात जाते, तर २०डब्ल्यू-५० ची त्याच्या जवळपास निम्मी राहते. गरम झाल्यावर दोघे सारखेच. यातही खोट आहेच. इंजिनातील दातेरी चाके आणि अरुंद फटी या लांब रेणूंचे हळूहळू तुकडे करतात आणि काही हजार किलोमीटरनंतर ५० चे ऑइल ४० सारखे वागू लागते. ऑइल काळे दिसले नाही तरी ते बदलावे लागते, त्याचे हे एक कारण.

आता आपल्याकडील एका पक्क्या समजुतीकडे येऊ : गाडी जुनी, तर ऑइल जाड. या समजुतीत थोडे तथ्य आहे. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातील फट नव्या इंजिनात मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते. झिजून ती वाढली की ऑइल भराभर निसटते आणि दाब पडतो. दाट ऑइल कमी निसटते. दट्ट्याच्या रिंगा सैल झाल्या असतील तर ते कमी जळते, म्हणजे गाडी 'ऑइल खाणे' कमी करते. टॅपेटचा आवाजही दबतो.

पण दबलेला आवाज म्हणजे भरून निघालेली झीज नव्हे. गाडीच्या फलकावरचा ऑइल दाबाचा काटा इथे हमखास फसवतो. तो काटा ऑइल किती वाहते हे सांगत नाही, वाहायला किती अडते हे सांगतो. नळाच्या तोंडावर अंगठा धरला की नळीतला दाब वाढतो, बादली मात्र उशिरा भरते. सकाळी गाडी सुरू करताच काटा दिमाखात वर जातो तेव्हा दाट ऑइल वरच्या रॉकरपर्यंत पोचलेलेही नसते, आणि इंजिनाची झीज सुरुवातीच्या या काळात मोठ्या प्रमाणात होते. म्हणून गिअर ऑइलची भेसळ करून ऑइल 'जाड' करण्याची, किंवा ट्रॅक्टरचे उरलेले एकेरी ऑइल ओतण्याची सवय आम्हाला मुळीच पसंत नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर, मंद गतीत, दाब हस्तपुस्तिकेत दिलेल्या आकड्याच्या खाली जात असेल, तरच एक पायरी वर जावे : ४० चे ५०. तेवढ्याने भागले नाही तर दुखणे ऑइलचे नाही, बेअरिंगचे आहे.

चारचाकी जोराच्या गाडीला एक जादा कारणही आहे. चिखलात किंवा घाटातल्या कच्च्या वाटेवर लहान गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने जाते आणि इंजिन मात्र जोरात फिरत असते. समोरून वारा मिळत नाही, ऑइल १०० अंशांच्या वर सहज जाते. अशा वेळी ३० पेक्षा ४० किंवा ५० चे ऑइल थर टिकवून धरते. तीव्र चढावर खालच्या भांड्यातले, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'चेंबर'मधले, ऑइल एका बाजूला गोळा होते. विलीजच्या रचनाकारांनी यासाठी पंपाचे शोषक तोंड तरंगते ठेवले होते. तरीही मुळात ऑइल कमी असेल तर तरंगणार कशावर? दगडधोंड्यांच्या वाटेवर निघण्यापूर्वी गाडी सपाटीवर उभी करून ऑइलची पट्टी पाहणे, हे कुठल्याही महागड्या डब्यापेक्षा जास्त कामाचे.

डब्यावरची दुसरी ओळ ऑइलच्या गुणवत्तेची असते. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या, म्हणजे एपीआयच्या, या वर्गवारीत पेट्रोल इंजिनांसाठीच्या वर्गांची नावे एस या अक्षराने सुरू होतात. दुसरे अक्षर जितके पुढचे, तितका तो वर्ग नवा. एसएफ १९८० चा, एसजी १९८९ चा, एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. एसए आणि एसबी ही ऑइले जवळजवळ औषधाविना असत. ती आज कोठे दिसलीच तर इंजिनात घालू नयेत. साधारणतः नवा वर्ग जुन्याचे काम करू शकतो, कारण मळ धरून ठेवणे, न सडणे, फेस न होणे या बाबतींत तो सरस असतो.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत याला एक अपवाद सांगितला जातो, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. कॅम आणि टॅपेट यांचा संबंध बेअरिंगसारखा नसतो. कॅमचे टोक टॅपेटच्या सपाट तोंडावर अगदी बारीक रेषेत टेकते आणि घासत जाते. एवढ्या लहान जागेवर भार इतका, की तरंगण्याचा थर पुरत नाही. तेथे एक रसायन धावून येते, झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, थोडक्यात झेडडीडीपी. १९४० च्या दशकापासून ते ऑइलमध्ये मिसळतात. घासण्याच्या ठिकाणी त्याचे विघटन होऊन धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ लेप बसतो. पुढे झिजतो तो हा लेप, पोलाद नव्हे, आणि झिजला की तो पुन्हा तयार होतो.

मात्र इंजिन थोडे ऑइल जाळतेच, आणि त्यातील फॉस्फरस धुरासोबत जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकावर, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, बसतो व त्याला निकामी करतो. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हे उपकरण आले. जगभर मोटारींत त्याचा प्रसार झाला तसा ऑइलमधील फॉस्फरसही कमी करत नेला गेला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची ०.१२ टक्क्यांची मर्यादा आधी ०.१० आणि २००४ च्या एसएम वर्गात ०.०८ टक्क्यांवर आली. मग 'नवे ऑइल जुन्या कॅमला खाते' अशी ओरड झाली.

आमच्या मते जीपच्या बाबतीत ही भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. एक तर ०.०८ टक्क्यांची ती मर्यादा १०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ ऑइलांनाच लागू आहे. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० यांना ती नाही, त्यामुळे त्यांत बहुधा फॉस्फरस अधिक असतो. दुसरे म्हणजे विलीजचे इंजिन संथ आहे, त्याच्या झडपांच्या स्प्रिंगा मऊ आहेत. जोरकस स्प्रिंगांच्या, वेगवान मोठ्या अमेरिकी इंजिनांत कॅम उखडल्याच्या तक्रारी आल्या, त्या जशाच्या तशा इथे लावता येत नाहीत. खरी काळजी घ्यायची ती नवा कॅम किंवा नवे टॅपेट बसवल्यावर. पहिल्या काही मिनिटांत ते पृष्ठभाग एकमेकांशी जुळत असतात आणि फॉस्फेटचा लेप अजून बसलेला नसतो. त्या वेळी मिस्त्रीने कॅमवर खास वंगण लावले आहे ना, हे विचारायला संकोच करू नये.

तेव्हा विलीज जीपला चांगल्या कंपनीचे, खनिज तेलाचे, २०डब्ल्यू-५० घालावे. इंजिन घट्ट असेल, नुकतेच बांधलेले असेल, तर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०. वर्ग एसएल किंवा त्यापुढचा चालेल. कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक, ऑइल इंजिनाला अपाय करत नाही. पण जे इंजिन जुन्या सीलमधून थेंब गाळतेच आहे आणि ज्याचे ऑइल मळल्यामुळे लवकर बदलावे लागते, त्यात चौपट किमतीचे ऑइल ओतण्यात शहाणपण दिसत नाही. जिप्सीच्या बाबतीत हस्तपुस्तिका प्रमाण मानावी. कार्बोरेटरच्या जुन्या जिप्सीला आपल्या हवामानात १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० योग्य. इंधन फवारणीच्या, कन्व्हर्टर असलेल्या जिप्सीला मात्र फॉस्फरस वाढवणारी बाटलीतली 'झिंक औषधे' घालू नयेत. कॅम वाचवायला जाऊन कन्व्हर्टर गमवायचा, असा तो व्यवहार होतो.

वर्षानुवर्षे ऑइल न बदललेली जीप कुणी विकत घेतली असेल तर एक सावधगिरी. आजच्या ऑइलांत मळ सोडवणारी द्रव्ये भरपूर असतात. आत साठलेला गाळ सुटून जाळीत अडकू शकतो. म्हणून पहिले ऑइल पाचशे-हजार किलोमीटरलाच फिल्टरसह बदलावे. नंतरही कार्बोरेटरच्या गाडीत फार ताणू नये. थंड इंजिनाला चोक दिला की न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. पट्टी काढून वास घेतला तर पेट्रोल कळते. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, ऑइल वाढत नसते, त्यात काहीतरी मिसळत असते. भरण्याच्या झाकणाखाली दह्यासारखा पिवळट थर दिसला तर ते पाणी. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ती बाष्पाची ओल असते, एखादा लांबचा फेरा मारला की उडते. लांब फेऱ्यानंतरही थर राहिला तर हेड गॅस्केट तपासावे.

गिअरपेटी आणि पुढच्या-मागच्या आसांचे ऑइल वेगळे, हे बहुतेकांना माहीत असते. पण तेथे '९०' हा आकडा पाहून ते इंजिन ऑइलच्या दुप्पट दाट असावे असा गैरसमज होतो. गिअर ऑइलची वर्गवारी मुद्दाम वेगळ्या आकड्यांची ठेवली आहे. ९० च्या गिअर ऑइलची विष्यंदिता १०० अंशांना १३.५ सेंटिस्टोकपासून सुरू होते, म्हणजे इंजिनाच्या ४० किंवा ५० इतकीच. फरक औषधांत आहे. आसांतील तिरप्या दातांसाठी गंधक-फॉस्फरसचे जोरदार मिश्रण असलेले जीएल-५ वर्गाचे ऑइल असते. तेच गिअरपेटीतल्या पितळी कड्यांना त्रासदायक ठरू शकते, म्हणून तेथे जीएल-४ सांगितलेले असेल तर तेच घालावे.

राहता राहिले काढलेले काळे ऑइल. आपल्याकडे ते वाळवी लागू नये म्हणून दारांच्या चौकटींना आणि कुंपणाच्या खांबांना फासण्याची रीत आहे. त्या काळ्या रंगात धातूंचा चुरा आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची अनेक-वलयी संयुगे असतात. त्यांतील काही कर्करोगाला कारण ठरतात आणि त्वचेतून शरीरात जातात. मुलांचे हात लागतील अशा लाकडाला ते लावू नये, गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. रिकाम्या डब्यात परत भरून, बूच लावून, जुने ऑइल शुद्धीकरणासाठी गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.